डावीकडून ठोकलेली खीळ

आश्विन शुद्ध नवमी उजाडली तेव्हा कोंढारगडाच्या तिन्ही अंगांना धुकं दाटलं होतं, आणि चौथ्या अंगाला, महादरवाज्याच्या अगदी नाकासमोर, चारशे पावलांवरच्या सोंडेवर, खानाचा दमदमा डोकं वर काढून उभा होता. सागाचे सोट, मातीच्या गोण्या आणि दगड यांचा रचलेला तो मनोरा सात महिन्यांच्या वेढ्यात वितावितानं वाढत आता दरवाज्याच्या माथ्याशी बरोबरी करू लागला होता. त्याच्या पाठीमागच्या उतरणीवर एक थोरली पितळी तोफ दोरखंडांनी जखडून ठेवलेली होती. ती तोफ एकदा वर चढली की चार गोळ्यांत महादरवाजा जमीनदोस्त होणार, हे गडावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

ती चढवणार होता एक फिरंगी गोलंदाज. तांबडी टोपी, भुऱ्या मिशा, आणि काय त्या माणसाची मिजास! रोज सकाळी दमदम्याच्या काठावर उभा राहून हातवारे करीत तो शंभर माणसं आणि वीस बैल नाचवायचा. त्याच्यावाचून ती तोफ हलवायची अक्कल खानाच्या अख्ख्या गोटात कुणाला नव्हती. तेव्हा फिरंगी पडला तर गड वाचणार आणि फिरंगी राहिला तर गड पडणार, हिशेब इतका सरळ होता.

आणि फिरंग्याला पाडणारी बंदूक गडावर होती. तिचं नाव घार. चार हात लांब नळीची, पेटत्या वातीच्या तोड्यानं डागायची ती बंदूक भरमा नाईक बेरडाच्या खांद्याला लागली की चारशे पावलांवरचा नारळ फुटे. नळीवर नाव कोरलेलं होतं केरबा पांचाळाचं. हा केरबा गडाच्या लोहारशाळेचा नाईक होता. पन्नाशीचा, हाडानं दणकट, हातात कसब भरपूर, आणि तोंड मात्र कसबाच्या दुप्पट चालणारं. त्याची बायको ठकू म्हणायची, "यांच्या भात्यातलं वारं संपंल, तोंडातलं न्हाई संपायचं."

हेच तोंड त्या दिवशी नडलं.

भरमानं आठवड्यात दोन बार टाकले होते. दोन्ही वेळा फिरंगी समोर, उघडा, वारा पडलेला, आणि दोन्ही वेळा गोळी, गडावरून पाहता, डाव्या अंगाला हातभर बाजूला जाऊन सागाच्या सोटात शिरली. दुसऱ्या खेपेला तर फिरंग्यानं टोपी काढून गडाला मुजरा केला! तटावरची माणसं लाजेनं काळवंडली, आणि लाजलेल्या माणसांना लगेच कुणीतरी दोषी लागतो. संध्याकाळपर्यंत गडभर झालं की बेरड विकला गेला. नवमीच्या पहाटे भरमाला दंडाला दोराच्या काढण्या लावून सदरेवर उभं केलं.

सदरेवर गडाचे हवालदार हणगोजीराव दरेकर बसले होते. सात महिन्यांत त्यांची दाढी पांढरी झाली होती आणि अंगावरचा झगा दोन माणसांचा वाटावा इतका सैल झाला होता. शेजारी सबनीस नारो बाबदेव हातात कागद धरून होते.

"भरमा नाईक," हवालदार म्हणाले, "सरकारचं अन्न तू बारा वर्षं खाल्लंस. आमच्या डोळ्यांदेखत तू उडतं पाखरू पाडलंस. आणि उभा माणूस दोनदा चुकलास. याचा जाब काय?"

"जाब न्हाई, सरकार." भरमाचा आवाज खाली गेला होता. "मी नीट धरलं हुतं. माझा डोळा गेला आसंल. येवढंच म्हनतो, ह्यो हात विकलेला न्हाई."

"डोळा गेला म्हणतोस, तर ती वरची कोण बसली आहे?" सबनीसांनी बुरुजाकडे बोट केलं.

"घार हाय. मादी," भरमा म्हणाला, आणि जीभ चावली.

सदर कुजबुजली. डोळा तर शाबूत होता. मग हवालदारांनी केरबाला पुढं बोलावलं.

"केरबा, बंदूक तुझ्या कारखान्याची. ती बिघडली असेल तर या माणसाचा गुन्हा नाही. बिघडली नसेल तर याचा गुन्हा शाबीत. माणसाच्या मानेचा प्रश्न आहे. जपून सांग, बंदूक दुरुस्त आहे?"

आता शहाण्या माणसानं काय म्हणावं? बघतो, घटकाभर द्या, म्हणावं. पण केरबाच्या कानांवर आदल्या रात्रीपासून एकच बोल येत होता, की लोहाराची बंदूक वाकडी झाली. ती बोचणी त्याला झोपेतही सोसली नव्हती. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"सरकार, केरबा पांचाळाच्या हातची बंदूक चुकत न्हाई. चुकतो त्यो मानूस."

भरमानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, नवल वाटल्यासारखं. बारा वर्षं दोघांनी एका पंगतीत बसून नव्हे, पण एका चिलमीच्या धुरात बसून गप्पा मारल्या होत्या.

हवालदारांनी हुकूम सोडला: सूर्य माथ्यावर येताच पश्चिमकड्यावरून कडेलोट. कुणीतरी हळूच म्हणालं, आज खंडेनवमी, आज हत्यार उचलत नाहीत. सबनीस कोरडेपणानं म्हणाले, "कडेलोटाला हत्यार लागत नाही."

खरंच, त्या दिवशी कोंढारगडावर कुणी हत्यार उचलीत नसे. पहाऱ्याची सोडून सगळी शस्त्रं कोंढाईच्या देवळात ओळीनं मांडायची, कारागिरांनी आपापली अवजारं त्यांच्या पायथ्याशी ठेवायची, हळदकुंकू लावायचं, आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत लोखंडाला बोट लावायचं नाही, अशी पिढ्यांची चाल होती. एकदा एका सुतारानं नवमीला वाकस उचलला, तर चौथ्या दिवशी त्याचाच पाय तुटला, अशी गोष्ट प्रत्येक आई पोराला सांगत असे. खानाच्या गोटाला ही चाल कशी कळली देव जाणे, पण तोफ चढवायला त्यांनी नेमका हाच दिवस धरला होता. सदर उठते न उठते तोच खालून ढोल वाजू लागले आणि बैलांना जू लागलं.

केरबा हातोडी, कानशी, सुंबा, चिमटे फडक्यात बांधून देवळात गेला. ठकू तबक घेऊन मागोमाग होती. घार देवीच्या उजव्या हाताला आडवी ठेवलेली होती. केरबानं अवजारं मांडली, तबकातलं कुंकू तेलात कालवलं आणि रीतीप्रमाणं बंदुकीला टिळे लावू लागला. दस्त्याला एक, बत्ती द्यायच्या कानाला एक, आणि शेवटचा नळीच्या तोंडाशी, माशीला. माशी म्हणजे नळीच्या टोकावरची ती नेम धरायची लोखंडी पात. ती एका छोट्या खाचेत बसवलेली असते आणि आडव्या खिळीनं जखडलेली असते.

केरबाचं कुंकवाचं बोट माशीच्या डाव्या अंगाला लागलं आणि थांबलं.

बोटाला खिळीचं डोकं लागलं होतं.

आता ही खीळ एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला बारीक अशी असते. जाड अंग ज्या बाजूला, त्या बाजूनं ती ठोकलेली. केरबाचा बाप उजवीकडून ठोकायचा, आजा उजवीकडून ठोकायचा. देवाला उजवं, खिळीला उजवं, असं म्हणत केरबानं उभ्या जन्मात एकही खीळ डावीकडून मारली नव्हती. आणि इथं डोकं डाव्या अंगाला होतं. वर काजळी फासून ते झाकलेलं होतं, पण डोळ्यांना फसवणारी काजळी बोटाला काय फसवणार? त्यानं वाकून नळीवरून नजर टाकली. पात मधोमध नव्हती. तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतकी ती उजवीकडे सरकवून घडवली होती. पुढची माशी उजवीकडे गेली की नेम धरणारा नकळत नळी डावीकडे वळवतो, आणि गोळी डावीकडे जाते. चारशे पावलांवर किती? हातभर.

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन गोळ्या एकाच सोटात गेल्या होत्या, एकीला लागून दुसरी! अरे, मुद्दाम चुकणारा माणूस दोनदा एकाच जागी कसा चुकेल? हे आपल्याला सदरेवर सुचलं नाही, आणि आपण मारे छाती काढून बोललो!

"अवो, काय झालं?" ठकू म्हणाली. "तोंड का आसं पांढरं पडलं?"

केरबा तडक लोहारशाळेकडे निघाला. कारण डावीकडून खीळ ठोकणारा माणूस गडावर एकच होता, आणि तो त्याच्याच घरात जेवत होता.

सुभाना, त्याचा धाकटा भाऊ. तरुणपणी घर सोडून विजापूरकडे गेलेला, तिथं एका उस्तादाच्या हाताखाली आठ वर्षं नळ्या वळायला शिकलेला. त्या उस्तादाची रीत डाव्या अंगाची. गडावर परत आल्यापासून केरबानं त्याला त्यावरून शंभरदा टोचलं होतं. तो हसून म्हणायचा, "दादा, खिळीला उजवं-डावं कळत न्हाई." पण एकदा अंगात मुरलेला हात घाईच्या वेळी मालकाचंही ऐकत नाही.

लोहारशाळेत सुभाना एकटा होता. ऐरणीला झेंडूची माळ घालीत होता.

"धाकट्या, घारीची माशी कुनी बदलली?"

सुभानाच्या हातातली माळ थांबली. त्यानं नाही म्हटलं नाही. एवढं तरी बरं केलं.

"कळलं तुला," तो म्हणाला.

"का रं? का केलंस? काय कमी हुतं तुला?"

"नाव," सुभाना म्हणाला. "घारीची नळी कुनी वळली, दादा? पट्टी तापवून तापवून, येकवीस दीस हात भाजून, कुनी वळली? तू माशी बसवलीस, दस्ता बसवलास, आनि छिन्नी घेऊन वर तुझं नाव घातलंस. हवालदारानं शेला दिला तवा तू खांद्यावर घेतलास. मी मागं उभा हुतो. तू वळून बगितलं न्हाईस. खान म्हनतो, नळ्यांचा कारखाना देतो, हरेक नळीवर तुझं नाव."

"आरं, मग मला भांडायचं! चार शिव्या द्यायच्या! गड बुडवायचा?"

"बुडूं दे, आसं वाटलं तवा." त्यानं माळ ऐरणीवर टाकली. "पर भरमाचं मनात नव्हतं. आई कोंढाईची आन. मला वाटलं, म्हनतील बंदूक बिघडली. म्हनतील केरबाची बंदूक बिघडली. तेवढंच ऐकायचं हुतं मला. त्याला कड्यावर तू धाडलंस, दादा. सदरंवर मी बोललो न्हवतो."

केरबानं हात उगारला आणि तसाच खाली आणला. मारावं कुणाला? आपलेच दात आणि आपलेच ओठ. शेला खांद्यावर पडला तो क्षण त्याला आठवला. मागं वळून पाहिलं नव्हतं, हे खरं होतं.

"जुनी माशी कुठं हाय?"

"टाकली. कड्यावरनं."

सूर्य बुरुजाच्या वर हातभर आला होता. खालून ढोलांची लय वाढत होती. केरबा भावाकडे न बघता निघाला. त्यानं त्याला ना बांधलं, ना कुणाला हाक मारली.

हवालदार तटावर दमदम्याकडे पाहत उभे होते. केरबानं त्यांच्यापुढं गुडघे टेकले.

"सरकार, भरमाचा गुन्हा न्हाई. बंदुकीची माशी वाकडी हाय. गोळी हातभर डावीकडं जाते."

"प्रहरभरापूर्वी तूच काय बोललास?"

"त्वांडानं शेण खाल्लं, सरकार."

"माशी वाकडी झाली कशी?"

"माझ्या हातनं. मागल्या पंधरवड्यात दुरुस्तीला काढली, घाईत चुकीची बसवली. शिक्षा मला द्या."

सबनीस नारो बाबदेव पुढं झाले. "हवालदार, हा बेरडाचा दोस्त आहे. दोस्तीपायी हा लटकं बोलतो आहे. पुरावा काय?"

भरमालाही तिथंच आणलं होतं. तो म्हणाला, "पुरावा मी देतो. माझ्या हाती बंदूक द्या. हातभर उजवीकडं धरतो आन् फिरंगी पाडून दावतो."

"खुळा का काय तू?" केरबा त्याच्यावर खेकसला. "तशीच वाकडी बंदूक घेऊन पाडलास, तर ह्येच म्हनतील, बगा, मारता येत हुतं, आदी मारायचं न्हवतं! तुझा दोर तूच वळतोयस. माशी हितं, सगळ्यांच्या म्होरं काढली पायजे, नीट बसवली पायजे, आनि मग तू सरळ धरून मारलं पायजे."

हवालदारांनी एकदा सूर्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. तोफेची चाकं उतरणीच्या निम्म्यावर आली होती आणि तांबडी टोपी काठावर हातवारे करीत होती.

"ऐका सारे," हवालदार म्हणाले. "बंदूक इथं आणा. केरबा सर्वांसमक्ष माशी बदलेल. भरमा एक बार टाकेल. फिरंगी पडला तर भरमा निर्दोष, आणि केरबाचा न्याय मागाहून. फिरंगी वाचला तर दोघांचा कडेलोट एकाच वेळी."

बंदूक आणायची! नवमीला! बंदूक आणायला गेलेले दोन शिपाई देवळाच्या उंबऱ्याशीच थबकले. पुजाऱ्यानं दारात हात आडवे धरले होते. हळदकुंकू लागलेलं लोखंड आज हललं तर कोंढाई गडावर राहणार नाही, असं तो ओरडत होता, आणि गर्दीतली निम्मी माणसं मनातून त्याच्याच बाजूची होती.

तेव्हा ठकू पुढं झाली. आयुष्यात कधी चार माणसांत बोलली नव्हती ती बाई. पुजाऱ्याच्या हाताखालून वाकून आत गेली, देवीसमोर डोकं टेकलं, आणि नवऱ्याची हातोडी, कानशी, चिमटा आणि सुंबा पदरात घेऊन बाहेर आली.

"पाप मी घेते," ती म्हणाली. "पाय तुटायचा तर माझा तुटूं दे. पन मानूस मारायला हत्यार लागत न्हाई म्हनता, आन् वाचवायला लागलं तर इटाळ? आसली कसली ओ तुमची देवी? माझी देवी तसली न्हाई."

पुजाऱ्याचे हात खाली आले. शिपायांनी आत जाऊन घार उचलली.

तटावर घोंगडी अंथरली. केरबानं नळीचं तोंड लाकडाच्या ओंडक्यावर ठेवलं, खाली शिशाची चकती दिली. सुंबा, म्हणजे बोथट टोकाची पोलादी कांडी, त्यानं उचलला आणि सवयीनं नळीच्या डाव्या अंगाला लावला. हातोडी वर गेली. आणि तो दचकला. ही खीळ आपली नव्हे! डावीकडून हाणली तर जाड अंग आणखी आत रुतेल, खाच फुटेल, आणि सगळा खेळ खलास. त्यानं नळी फिरवली, सुंबा उजव्या अंगाला, बारीक टोकावर धरला, आणि हळू टोले दिले. एक. दोन. तीन. खीळ कुरकुरली, डाव्या अंगानं बाहेर आली, घोंगडीवर पडली. वाकडी माशी त्यानं खाचेतून उपटली आणि सबनीसांच्या तळहातावर ठेवली.

"बगा, पंत. पात मधी हाय का?"

नारो बाबदेवांनी ती डोळ्यांपाशी नेली, सुपारीच्या तुकड्यासारखी उलटसुलट फिरवली, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा बदलला. "नाही," ते म्हणाले. "ही मुद्दाम अशी घडवली आहे."

काढणं झालं, पण बसवायचं काय? केरबानं लोखंडी पट्टीचा एक तुकडा चिमट्यात धरला आणि कानस चालवू लागला. माशी घासणं हे निवांत बसून दोन प्रहरांत करायचं काम. इथं तोफेच्या चाकांचा कर्रकर्र आवाज कानात येत होता आणि सूर्य माथ्याकडे सरकत होता. पहिली पात तिरकी झाली. टाकली. दुसरी घेतली. त्याच्या ज्या उजव्या हाताची गडभर तारीफ होती, तोच आज भलत्या जागी घासत होता. समोर भरमा काढण्या लावलेल्या हातांनी उकिडवा बसून त्याच्या बोटांकडे बघत होता. दुसरी पात मधोमध मोडली.

"लोहारदादा," भरमा शेवटी म्हणाला, "ऱ्हाऊं द्या. तुमच्यावर माझा राग न्हाई."

केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि कानस दिसेनाशी झाली.

"कानस ठेव, दादा."

गर्दी दुभंगली. सुभाना आला होता. त्यानं धोतराच्या कनवटीची गाठ सोडली, आतून एक लहानसं काळं लोखंड काढलं आणि घोंगडीवर ठेवलं. घारीची जुनी माशी, जी गडावरच्या प्रत्येक बरकंदाजाच्या, बंदूक चालवणाऱ्याच्या, ओळखीची होती.

"टाकली न्हवती. टाकवली न्हाई," तो भावाला म्हणाला. मग हवालदारांकडे वळला आणि मुजरा केला. "सरकार, दादा लटकं बोलला. माशी मी बदलली. खानाचा निरोप मला आला हुता. नवमीची चाल मीच कळवली. भरमाला ठावं न्हाई, दादाला ठावं न्हाई, वैनीला ठावं न्हाई."

मग सबनीस म्हणाले, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," आणि शिपायांनी सुभानाचे खांदे धरले.

"थांबा," हवालदार म्हणाले. "आधी काम."

"सरकार, नळी धराया कुनीतरी लागंल," केरबा म्हणाला. "धाकट्याला धरूं द्या. त्याच्यावानी नळी कुनाला धरता येत न्हाई."

हवालदारांनी मान डोलावली. दोघे भाऊ घोंगडीवर समोरासमोर बसले. सुभानानं दोन्ही तळव्यांत नळी घट्ट धरली. केरबानं जुनी माशी खाचेत सरकवली, ती टक् करून आपल्या जागी बसली. खीळ उजव्या अंगाला लावली. सुभाना तिच्याकडे बघत किंचित हसला. केरबाचा हात आता नेमका पडत होता. चार टोल्यांत खीळ आत गेली.

सुभानाच्या दंडाला काढण्या लावून त्याला पश्चिमकड्याकडे नेलं. तिथून दमदमा दिसत नाही, मधे सबंध गड आडवा येतो.

भरमाचे हात सोडले. त्यानं मनगटं चोळली, बंदूक ठासली, कानात रंजकेची दारू घातली, तोडा फुंकला. तटाच्या जंगीत, बंदुकीसाठी ठेवलेल्या भोकात, नळी टेकवली. तोफेची पुढची चाकं दमदम्याच्या काठाला लागली होती आणि फिरंगी पाठ फिरवून बैलांवर ओरडत होता. भरमा थांबला. सबनीसांनी चुळबुळ केली. हवालदारांनी हातानंच त्यांना गप्प केलं. फिरंगी वळला. गडाकडे पाहून, काल केला होता तसा मुजरा करायला, त्यानं हात टोपीकडे नेला.

घार बोलली.

धूर विरला तेव्हा तांबडी टोपी काठावर होती आणि टोपीखाली कुणी नव्हतं. मग खाली हाहाकार झाला. हुकूम देणारा गेला, कुणी दोर सोडला, कुणी धरला, बैल बिथरले, आणि ती थोरली तोफ आधी कलली, मग मागं घसरली, आणि शंभर माणसांना रस्ता सोडायला लावीत उतरणीवरून गडगडत खालच्या ओढ्यात तोंडावर पडली. गडावर असा हरहर महादेवचा गजर झाला की खानाच्या डेऱ्यातली कबुतरं उडाली. ज्यांनी सकाळी भरमाला शिव्या दिल्या होत्या तेच त्याला खांद्यावर घेऊ लागले. माणसाची जात!

भरमानं त्यांना बाजूला केलं आणि हवालदारांपुढं वाकला. "सरकार, बक्षीस देनार आसाल तर सुभानाचा जीव द्या."

हणगोजीरावांनी डोळे मिटले. "नाईक, तुझ्यापुरता गुन्हा तू माफ करू शकतोस. गडाचा गुन्हा माफ करणं माझ्या हाती नाही. आत दोन हजार माणसं आहेत, बायकापोरं आहेत." मग केरबाकडे वळून ते म्हणाले, "तू आमच्यापुढं लटकं बोललास. त्याची शिक्षा तुला वेगळी देत नाही. ती तुला मिळते आहे. कड्यापर्यंत जायचं असेल तर जा."

केरबा गेला. गडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. वाटेत माणसं नाचत होती.

सुभाना काठाशी उभा होता, तोंड दरीकडे. पावलं ऐकून त्यानं मान वळवली.

"दादा, बार ऐकला. कुठं लागली?"

"छातीत."

"कुन्या अंगाला?"

"मधोमध."

सुभानानं मोठा श्वास घेतला. "म्हंजी नळी सरळ हाय."

"सरळ हाय," केरबा म्हणाला. मग तो शिपायांकडे वळला, कड्यावर जमलेल्या पंधरावीस माणसांकडे वळला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "ऐकलं का रं? घारीची नळी माझ्या भावानं वळलीय! सुभाना पांचाळानं! माझी न्हाई ती, त्याची हाय!"

सुभानाचा चेहरा आधी फुलला आणि मग लहान पोरासारखा वाकडा झाला. "लई उशीर केलास, दादा," तो म्हणाला.

पुढं वेढा तीन महिन्यांत उठला. दमदमा त्याच आठवड्यात गडकऱ्यांनी जाळला. द्रोह्याचं सुतक धरायचं नसतं, असं पुजाऱ्यानं बजावलं, तरी केरबानं डोकं आणि मिशा उतरवल्या आणि दसऱ्याला तसाच बोडका लोहारशाळेत जाऊन गडासाठी गोळ्या ओतू लागला. हवालदार तिकडून जाताना क्षणभर थांबले, आणि पुजाऱ्यानं काही म्हणायच्या आत पुढं चालू लागले.

घारीवरचं आपलं नाव त्यानं कानशीनं घासून काढलं. तिथं दुसरं नाव घालायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. सरकारी बंदुकीवर द्रोह्याचं नाव कसं असेल? ती जागा तशीच राहिली, चकचकीत आणि रिकामी. भरमानं ती बंदूक आणखी सोळा वर्षं वागवली. नवा कुणी बरकंदाज नळी हातात घेऊन कौतुकानं विचारी, की नाईक, ही कुणी वळली हो?

"केरबाचा भाऊ हुता येक," भरमा म्हणे, आणि बंदूक परत मागून घेई.